कठड्याजवळचा स्थानिक माणूस

वाल्पाराइसोला येणाऱ्या पाहुण्याला घरून निघतानाच दोन गोष्टी बजावलेल्या असतात. टेकड्यांवर गळ्यात कॅमेरा लटकवून फिरू नकोस ही एक, आणि मासे खायचे तर स्थानिक लोक जिथं खातात तिथंच खा, ही दुसरी. पहिली कोणी पाळत नाही. दुसरी मात्र सगळे इतक्या भक्तिभावानं पाळतात की बंदराजवळच्या मंडईच्या माडीवर फ्रेसिया ओयानेदेल या बाईंना एक स्थानिक माणूस कामालाच ठेवावा लागला.

त्याचं नाव बाल्दोमेरो कार्कामो. वय चौऱ्याहत्तर. काम म्हणजे दुपारी साडेबारा ते चार कठड्याजवळच्या टेबलाशी बसून जेवणं.

माडीवर खाणावळी नऊ. मधला चौक मोकळा, त्यातून खालचा भाजीबाजार दिसतो, आणि चौकाच्या चारी बाजूंना कठड्याला लागून या नऊ जणांची टेबलं. नऊही जणांचा मासा पहाटे एकाच टेम्पोतून उतरतो. नऊही आचारी कुठून ना कुठून एकमेकांचे मेहुणे लागतात, त्यामुळे मीठसुद्धा सगळीकडे सारखंच पडतं. तेव्हा निवडायचं ते काय, तर टेबलावरचा कपडा. कुठं निळ्या चौकटी, कुठं तांबड्या. खऱ्या वाल्पाराइसोकराला मासे खावेसे वाटले तर तो बस डेपोच्या मागच्या गल्लीत जातो, नाहीतर बायकोला सांगतो. माडीवर तो फिरकतसुद्धा नाही. पण हे पाहुण्याला कोण सांगणार? तो बिचारा धापा टाकत जिना चढून वर येतो, आणि आठ खाणावळींची आठ माणसं मेनूकार्डं परजत त्याच्या अंगावर येतात. एक त्याच्या बायकोच्या दंडाला धरतो, दुसरा मुलाच्या तोंडात कोळंबी कोंबतो. पाहुणा वाचून आलेला असतो की जिथं हाका मारतात तिथं जायचं नाही. तो या आठ डोक्यांवरून पलीकडे नजर टाकतो आणि त्याला नववी खाणावळ दिसते. तिथं हाक नाही, ओढाताण नाही. कठड्याशी निळी लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा कोळी जगाकडे दुर्लक्ष करून रस्सा भुरकतो आहे.

मग पाहुणा बायकोला कोपरानं ढोसतो. पुढचं फ्रेसियाबाई बघून घेत.

बाल्दोमेरोनं पाहुण्यांकडे बघायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं तर मुळीच नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. "आपण तुम्हाला शोधून काढलं असं त्यांना वाटलं पाहिजे, ताता," बाई म्हणत. "स्वतः शोधलेल्या वस्तूवर माणूस घासाघीस करत नाही." आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला ताता म्हणतात; त्यात माया असते आणि त्याचं नाव लक्षात ठेवायचा त्रासही वाचतो.

खरं म्हणजे बाल्दोमेरो कोळी नव्हताच. समुद्रावर तो जन्मात एकदा गेला होता, मेहुणीच्या लग्नात, तेही बंदरातल्या बंदरात, आणि तेवढ्यातसुद्धा त्यानं नवरीच्या आईच्या बुटांवर ओकारी काढली होती. एकतीस वर्षं तो फुलपाखरांच्या टेकडीवर, रुळांवरून चढणाऱ्या लिफ्टच्या खोपटात बसून नाणी घेऊन फिरतं दार सोडत असे. खोपटाला खिडकी एकच आणि ती पश्चिमेला. एकतीस वर्षांचं दुपारचं ऊन एकट्या उजव्या गालानं सोसलं. तो गाल जुन्या बुटासारखा झाला होता आणि डावा मठातल्या जोगिणीसारखा गोरा राहिला होता. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याची खुर्ची फिरवून बुटाची बाजू जिन्याकडे करून घेतली.

तो मुळात तिथं आला तो गिऱ्हाईक म्हणून. लिफ्ट बंद पडली होती, पाठोपाठ बायको एर्सिलिया गेली होती, आणि दुपारी घरात बसलं की भिंती बघायला लागतात म्हणून एका मंगळवारी तो माडी चढला. रस्सा मागवला. घरी परत जायचं नव्हतं म्हणून दीड तास पुरवला. त्या दीड तासात तीन टेबलं भरली. मंगळवारी फ्रेसियाबाईंकडे तीन टेबलं भरत नसत. मंगळवारी त्या टेबलांवर बसून वाटाणे सोलत. त्यांनी विचार केला, म्हाताऱ्याकडे पाहिलं, पुन्हा विचार केला, आणि निघताना त्याला म्हणाल्या, उद्याही या, पैसे नकोत. बाल्दोमेरोला वाटलं, बाईंना आपली कीव आली. बुधवारी तो दाढी करून आला तर बाईंनी त्याला परत पाठवलं. दाढीचे खुंट वाढू द्या म्हणाल्या.

तेव्हापासून सहा वर्षं. जानेवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यातही, लोकरीचा स्वेटर. मजुरी म्हणून वाडगाभर रस्सा, दोन पाव, कोथिंबीर-मिरचीची चटणी आणि अर्धा ग्लास पांढरी वाइन, जिच्यात बाई उरलेला अर्धा ग्लास पाणी घालत. बाल्दोमेरोची काही तक्रार नव्हती. टेकडीवरच्या घरात तो दोन दिवस बाहेर पडला नसता तरी कोणी दार ठोठावलं नसतं. इथं मात्र साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना बाई जिन्याकडे बघू लागत. तो दिसला की म्हणत, "आलात का, ताता? मला वाटलं मेलात." एवढ्या एका वाक्यासाठी तो टेकडीच्या दोनशे चौदा पायऱ्या उतरायचा आणि चढायचा.

टेकडीवर त्याचा रुबाब वेगळाच. संध्याकाळी चढताना शेजारणी विचारत की काय ताता, आज काय हाणलंत. तो दारोदार थांबून सांगायचा: शिंपले असे, कालवं तशी, वामेचा तुकडा तर काय सांगू. सेन्योरा फ्रेसिया माझ्याकडून पैसे घेत नाही, हे तो मुद्दाम शेवटी आणि मुद्दाम हळू आवाजात सांगायचा. चांभारकाम करणारा अनाक्लेतो म्हणायचा, "आम्हाला नाही बुवा कोणी फुकट खाऊ घालत." बाल्दोमेरो खांदे उडवायचा. त्याला काय इलाज, असं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायाचा अंगठा वांग्याएवढा झाला. टेकडीवरच्या दवाखान्यातली नर्स येसेनिया म्हणाली, युरिक ॲसिड. शिंपले, कालवं, खेकडे, सगळं आजपासून बंद, नाहीतर अंगठा कापायला घेऊन या. बाल्दोमेरोनं ही गोष्ट महिनाभर लपवली. लंगडत यायचा, लंगडत जायचा. लंगडणं त्या टोपीला शोभतही होतं. त्या महिन्यात खाणावळ नेहमीपेक्षा जास्त भरली. पण येसेनियाच्या आईनं भाजीबाजारात तोंड उघडलं आणि गोष्ट माडीवर गेली. आता खुर्ची गेली, असं समजून तो बाईंसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

फ्रेसियाबाई कनवाळू. त्या म्हणाल्या, "तुम्ही खाल्लंच पाहिजे असं कुठं आहे, ताता? खाताना दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वाडग्यात गरम पाणी येऊ लागलं. रंगाला चिमूटभर लाल तिखट, वर कोथिंबीर, आणि शिंपले तेवढे होते पण रिकामे. रोज संध्याकाळी ते धुऊन जाळीच्या पिशवीत घालून स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवत. काही महिन्यांत बाल्दोमेरो त्यांना चेहऱ्यानं ओळखू लागला. एकाचा टवका उडालेला, एकावर हिरवा डाग, एक जोडी सहा महिन्यांनी फुटली तेव्हा त्याला चुटपुट लागली. तो एकेक शिंपला ओठांना लावायचा, चोखायचा, मान मागं टाकायचा, उरलेला रस पावानं टिपायचा. खोटं वाटेल, पण खरं खात होता तेव्हा तो इतका छान जेवत नसे. तेव्हा मधेच त्याचं लक्ष कबुतरांकडे जायचं. आता दोन पाव आणि तिखट पाण्यावर बसलेल्या माणसाचं लक्ष वाडग्यातून कशाला हलेल? त्याला बघून लोकांना भूक लागायची, आणि त्याचं कारण तोही भुकेलाच होता.

तो वाळत चालला. स्वेटर अंगावर लोंबू लागला तेव्हा बाईंनी स्वतः सुईदोरा घेऊन त्याला मागून टाके घातले.

समोरच्या बाजूला गुमेर्सिंदोची खाणावळ. बाईंची युक्ती ओळखायला त्याला वर्ष लागलं, पण ओळखल्यावर त्यानं हात आखडला नाही. त्यानं कुस्तोदियो नावाचा खराखुरा कोळी आणून बसवला. मासेमारीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला मासा पाहिला की मळमळतं; त्यानं पहिल्या दिवशी गोमांसाचा तुकडा मागितला, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना वाम बर्फातली आहे म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी गुमेर्सिंदोनं त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. मग गुमेर्सिंदो बाल्दोमेरोच्याच मागं लागला. खरी तळलेली वाम, अख्खा ग्लास वाइन, उशी घातलेली खुर्ची. रोज चार वाजता जिन्यात गाठून विचारायचा. बाल्दोमेरो रोज नाही म्हणायचा आणि ते नाही म्हणणं बाईंच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचा.

बाईंनी ते ऐकलं असेलही. पण गुड फ्रायडेच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी त्यांच्या नणंदेचा दीर रिगोबेर्तो माडीवर येऊन गेला. जन्मभर फर्निचरच्या दुकानात पहारेकरी. पण छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी आणि दंडावर गोंदलेला जहाजाचा नांगर. बाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग बाल्दोमेरोच्या टेबलाशी आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या कधी बसत नसत, त्यावरूनच त्याला कळलं.

"शुक्रवार बघू," बाई म्हणाल्या. "खाणावळ भरली तर तुम्ही आहात आणि मी आहे. नाही भरली तर रविवारनंतर रिगोबेर्तोला बसवून बघते. तुमच्याबद्दल काही नाही, ताता. पण दाढी लांबून दिसते."

गुड फ्रायडेला आमच्या देशात कडक उपास असतो. मांस वर्ज्य. म्हणून त्या दिवशी अख्खा देश शिंपले, कालवं, खेकडे आणि समुद्रातलं जे जे तोंड उघडतं ते ते इतकं खातो की शनिवारी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. माडीवरच्या नऊ जणांचं वर्ष त्या एका दुपारवर चालतं. त्याच दुपारी आरोग्य खात्याचे लोकही मंडईत फिरत असतात. यंदा लारेनास नावाचे साहेब होते, टाय घातलेले, वासावरून मासा किती दिवसांचा ते सांगणारे.

बाल्दोमेरो बाराला पाच कमी असतानाच येऊन बसला. दीड वाजला तरी बाईंच्या चौदा टेबलांपैकी सहाच भरली होती. समोर गुमेर्सिंदो जिन्यापाशी उभा राहून येईल त्याला लिंबू घातलेली दारू फुकट पाजत होता. बाल्दोमेरोनं त्या दिवशी जिवाचं रान केलं. इतक्या कळकळीनं रिकामे शिंपले कोणी चोखले नसतील. आणि मग जिना चढून अकरा जण एकदम वर आले. सीमेपलीकडचे, मेंदोसाचे, अकराही मोठ्यानं बोलणारे. हिरवी टोपी घातलेली एक बाई त्यांची पुढारी. तिनं गुमेर्सिंदोचा ग्लास हातानं बाजूला सारला, माडीवर नजर फिरवली आणि ती नजर कठड्यापाशी येऊन थांबली. ती सगळ्यांना सांगू लागली की असा म्हातारा जिथं बसतो तिथं डोळे मिटून बसायचं असतं.

अकरा म्हणजे तीन टेबलं. बाल्दोमेरोनं मनात बेरीज केली, नऊ झाली. चमचा उचलायला गेला तर डावा हात उचलेना. छातीवर कोणीतरी फर्निचर ठेवल्यासारखं झालं. कपाळावरून घाम ओघळून वाडग्यात पडू लागला, आणि त्या पाण्याला पहिल्यांदाच थोडं मीठ लागलं.

फ्रेसियाबाई फडकं घेऊन टेबल पुसायच्या निमित्तानं आल्या. त्यांनी विचारलं, काय होतंय. तो म्हणाला काही नाही, जरा हात. बाईंनी त्याचा रंग पाहिला. बावीस वर्षं खाणावळ चालवलेली बाई. गुड फ्रायडेच्या दुपारी पुढच्या टेबलावरचा माणूस वाडग्यात तोंड घालून पालथा पडला तर काय होतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. जिन्यापाशी अकरा जण पाऊल उचलायच्या बेतात होते. बाईंनी वाकून पावाचे कण गोळा केले.

"ताता," त्या हळूच म्हणाल्या, "इथं नाही."

त्यानं वर पाहिलं.

"समोर जा. चालत जा. हसत जा."

बाल्दोमेरोला राग आला नाही. बाईंच्या जागी तो असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं. फक्त हसायचं त्याला सुचलं नसतं. त्यानं तोंड पुसलं, दोन बोटं टोपीला लावली आणि तृप्त माणूस उठतो तसा उठला. चौकाला वळसा घालून गुमेर्सिंदोचा दरवाजा चाळीस पावलांवर. कठड्याला एक हात लावून, ओठ ताणून, तो निघाला.

पण अकरा जणांनी ते पाहिलं. हिरव्या टोपीवाल्या बाईनं लगेच अर्थ लावला: रस्सा इथं आणि मासा तिथं, बघा, जाणकार लोक असे खातात. आणि अकराही जण त्याच्या मागून निघाले. घाई करून म्हाताऱ्याला ओशाळवायला नको म्हणून त्याच्याच चालीनं, एकेक पाऊल टाकत. त्याच वेळी खालच्या रस्त्यावरून ख्रिस्ताची मिरवणूक चालली होती. तीही एवढी हळू चालली नसेल. फ्रेसियाबाई दोन्ही हातांत रिकाम्या थाळ्या धरून बघत राहिल्या.

गुमेर्सिंदोचा तर आनंद गगनात मावेना. पाच वर्षं ज्याच्या मिनतवाऱ्या केल्या तो म्हातारा आपल्या पायांनी येतोय आणि मागं अकरा जण घेऊन येतोय. त्यानं उशीची खुर्ची ओढली, बाल्दोमेरोला खांदे धरून बसवलं आणि आतून तळलेली वाम आणून पुढं ठेवली. गरम, कडेला लिंबू. बाल्दोमेरोनं तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत खऱ्या माशाचा वास इतक्या जवळून आला नव्हता. पण गुमेर्सिंदोचं खायचं नाही एवढं भान त्याला होतं.

हिरव्या टोपीवाली बाई शेजारच्या टेबलावर बसली, त्याच्याकडे झुकली आणि आदरानं विचारती झाली, "ताता, इथलं काय खावं?"

सहा वर्षांत त्याला पाहुण्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न. बोलायचं नाही ही ताकीद बाईंच्या खाणावळीपुरती होती. ही त्यांची खाणावळ नव्हती. तीन टेबलं अजून परत पाठवता येतील, असं त्याच्या मनात आलं. त्यानं उरलासुरला श्वास गोळा केला.

"इथं काही खाऊ नका, सेन्योरा," तो म्हणाला. "समोर..."

एवढं बोलून तो टेबलावरचा कपडा, लिंबू आणि वाम यांच्यासकट खाली गेला.

मेंदोसाच्या लोकांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकायला ते थांबले नाहीत. हिरव्या टोपीवाल्या बाईनं तर फुकटच्या दारूचा नुसता वास घेतला होता, तरी ती कठड्यावरून खाली भाजीबाजारात ओकली. विष, विष असा ओरडा झाला आणि दहा मिनिटांत नऊच्या नऊ खाणावळी रिकाम्या झाल्या. वर्षाची दुपार संपली. नऊ मालक, नऊ आचारी आणि आठ हाका मारणारे पडलेल्या म्हाताऱ्याभोवती उभे होते, आणि त्यांतला एकही जण तो जगेल का, असं विचारत नव्हता. तो कोणाचं खाऊन पडला, एवढंच विचारत होता. त्याच्या छातीवर दोन हात ठेवून दाबायला लागली ती खालची कांदे विकणारी बाई.

लारेनास साहेब वर आले. गुमेर्सिंदोनं जमिनीवरची अखंड वाम उचलून दाखवली: एक घास तुटलेला नाही, बघा, म्हातारा जेवून आला तो समोरून. साहेब समोर गेले. फ्रेसियाबाई म्हणाल्या, त्यानं माझ्याकडे काही खाल्लं नाही.

"सहा वर्षं रोज तुमच्याकडे जेवणारा माणूस काही खात नाही?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी आत जाऊन खिळ्यावरची जाळीची पिशवी काढून आणली आणि रिकामे शिंपले टेबलावर ओतले. गरम पाणी, तिखट, कोथिंबीर. सगळं सांगितलं, येसेनियाच्या दवाखान्याचा कागदसुद्धा दाखवला. साहेबांनी नोकरीत पुष्कळ सबबी ऐकल्या होत्या, पण गिऱ्हाइकाला उपाशी ठेवत होते म्हणून मी निर्दोष, ही त्यांना नवीन होती. त्यांनी ती लिहून घेतली, खाली बाईंची सही घेतली. डॉक्टर हृदयाचा झटका म्हणत होते. नमुने राजधानीला जायचे, निकालाला महिना. तोवर त्या माणसानं शुद्धीवर येऊन हेच सांगितलं तर खाणावळ चालू राहील, साहेब म्हणाले. मात्र त्याआधी बाईंनी त्याला भेटायचं नाही.

बाल्दोमेरो जगला. सोमवारी साहेब आणि बाई दवाखान्यात गेले. सहा खाटांची खोली. भेटीची वेळ असल्यामुळे टेकडीवरचे लोक आले होते, अनाक्लेतो खाटेच्या पायथ्याशी उभा होता, दोन शेजारणी संत्री सोलत होत्या. दोन दिवस बाल्दोमेरोच्या डोक्यात एकच घोळत होतं, की शुक्रवार भरला असं धरायचं की नाही. आणि आता दारातून स्वतः सेन्योरा येत होत्या, रविवारचा पोशाख करून, सोबत टाय घातलेला कोणी मोठा माणूस घेऊन.

त्या माणसानं फाइल उघडली आणि विचारलं, "शुक्रवारी दुपारी सेन्योरा फ्रेसिया ओयानेदेल यांच्या खाणावळीत तुम्ही काय खाल्लंत?"

बाल्दोमेरोनं उशीवर कोपर टेकून अंग वर घेतलं. आजवर गप्प बसून केलेलं काम आज बोलून करायची पाळी आली होती.

"रस्सा," तो म्हणाला. "वाडगाभर. शिंपले, कालवं, खेकड्याची नांगी."

"सेन्योरा म्हणतात, त्या तुम्हाला गरम पाणी देत होत्या."

संत्री सोलणं थांबलं. अनाक्लेतो पुढं झुकला. बाल्दोमेरोनं बाईंकडे पाहिलं. बाई मान हलवत होत्या. हो म्हणा, हो म्हणा, असं त्यांचे ओठ न उघडता सांगत होते. आजवर बाईंनी त्याच्याकडे असं काकुळतीनं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून त्याला भरून आलं.

"सेन्योरा संकोची आहेत," तो साहेबांना म्हणाला. "माझ्याकडून पैसे घेत नाहीत, ते कोणाला कळू नये म्हणून असं म्हणतात. या सगळ्यांना विचारा, मी रोज घरी जाऊन काय सांगतो ते."

शेजारणींनी माना डोलावल्या. अनाक्लेतोनं तर शपथेवर सांगायची तयारी दाखवली की म्हातारा सहा वर्षं शिंपल्यांशिवाय दुसरं बोलत नाही.

"किती खाल्लेत शिंपले?" साहेब म्हणाले.

"दोन वाडगे. दोन लिहा. दुसरा मी मागून घेतला. या बंदरात त्या हाताला तोड नाही, साहेब."

साहेबांनी दोन लिहिलं. बाईंच्या सहीचा कागद फाइलमधून काढून त्यावर आडवी रेघ मारली, आणि जाताना बाईंना सांगितलं की खाणावळीला सील आज संध्याकाळीच लागेल. खोट्या जबाबाचं नंतर बघू. त्यांची पावलं व्हरांड्यात वाजत गेली. शेजारणी पुन्हा संत्र्याकडे वळल्या.

फ्रेसियाबाई खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभ्या होत्या. बाल्दोमेरोला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. दम लागला होता, पण समाधान होतं.

"बरोबर बोललो ना, सेन्योरा?"

बाई साहेब गेले त्या दाराकडे बघत राहिल्या.

"रिगोबेर्तोला बसवलंत का?"

"नाही," बाई म्हणाल्या. रिगोबेर्तो त्याच सकाळी दाढी विंचरून गुमेर्सिंदोकडे रुजू झाला होता.

"मग मी कधीपासून येऊ?"

बाईंनी त्याचं पांघरूण वर ओढलं, गरजेपेक्षा थोडं जोरात, आणि हनुवटीखाली खोचलं.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "खुर्ची तुमचीच आहे, ताता."

तो निवांत डोळे मिटून पडला. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या खुर्चीवर आता दुसरं कोणी बसणार नव्हतं.